मध्ययुगीन शेतीचे उत्पन्न व तीवर पोसली जाणारी लोकसंख्या

इ. स. १३०० च्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या किती होती, याविषयी अभ्यासकांत अद्यापि एकमत नाही. मायकेल पोस्टन यांचा कल ६० लाखांहून मोठ्या आकड्याकडे होता. उलट ब्रॉडबेरी, कॅम्पबेल प्रभृतींनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १२९० ची लोकसंख्या ४७.५ लाख धरली आहे. त्या काळी शिरगणती नव्हती. म्हणून देशातील जमीन किती माणसे पोसू शकत होती, या कसोटीवर असे आकडे पारखावे लागतात.

या कसोटीचे प्रमुख साधन म्हणजे जमीनदारांच्या खासगी शेतीचे हिशेब होत. विंचेस्टरच्या बिशपच्या जहागिरीचे असे हिशेब १२०८-०९ पासून उपलब्ध आहेत. पेरलेले बी व हाती आलेले धान्य यांच्या नोंदी ताडून पाहता गव्हाचे पीक सामान्यतः बियाण्याच्या चौपट येत असल्याचे दिसते.

उदाहरणार्थ, एकरी अडीच बुशेल बी पेरून १० बुशेल पीक आले असे मानल्यास पुढील पेरणीचे बी वजा जाता साडेसात बुशेल उरतात. (एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो.) त्रिक्षेत्र पद्धतीत एक तृतीयांश जमीन दरवर्षी पडीक राही, तेव्हा ३ एकरांमागे खाण्यास १५ बुशेल मिळतात. माणशी वार्षिक गरज ८ बुशेल धरल्यास त्यांवर जेमतेम दोन माणसे पोसतील. आता पीक तिप्पटच आले असे समजल्यास उत्पन्न एक चतुर्थांशाने घटते. परंतु बी तेवढेच लागत असल्यामुळे अन्न मात्र एक तृतीयांशाने घटते. तात्पर्य, उत्पन्नाच्या अंदाजातील चूक लोकसंख्येच्या अंदाजात वाढूनच उतरते. १३१५ ते १३१७ या काळातील अतिवृष्टीने पिके बुडताच दुष्काळ एवढा भीषण का झाला, हेही यावरून उमगते.

याखेरीज तीन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. चर्चचा दशांश बहुधा शेतातच पेंढ्यांच्या रूपाने उचलला जाई, त्यामुळे तो कोठाराच्या हिशेबात येत नाही. पण ते धान्यही अखेर माणसांच्याच पोटात जाई, म्हणून ते पुन्हा मिळवावे लागते. उलट ओटचा बराच भाग घोड्यांना जाई व पुष्कळसे बार्ली मद्यासाठी खर्ची पडे. शिवाय हे हिशेब जमीनदारांच्या शेतीचे आहेत. बहुसंख्य कुळांच्या शेतीचे असे हिशेब नाहीत.

म्हणून या पद्धतीने निघणारा आकडा प्रत्यक्ष लोकसंख्येचा नव्हे, तर तिच्या संभाव्य मर्यादेचा समजावा.