वर्णलेखन : प्रथिन-शुद्धीकरणाकडून निदान व उपचाराकडे

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर आणि उत्तर महाराष्ट्रातील नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारतात या विकाराची नोंद सर्वप्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील आढळ 1958 साली नागपुरातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. एखादी व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे निश्चित करणे हा या विकाराच्या नियंत्रणातील कळीचा प्रश्न होय. त्याचे उत्तर देणारे तंत्र मुळात रोगनिदानासाठी नव्हे, तर रसायनांच्या विलगीकरणासाठी जन्मास आले.

तंत्राचे मूळ

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून गाळून वेगळी केली. रंगांचे पट्टे दिसल्यामुळे या पद्धतीस क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच वर्णलेखन, हे नाव मिळाले. मिश्रण द्रवाबरोबर स्तंभातून वाहते. जो घटक स्तंभातील पदार्थास अधिक घट्ट चिकटतो तो उशिरा बाहेर पडतो, हे तिचे तत्त्व. मार्टिन व सिंज यांना विभाजन वर्णलेखनासाठी 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रथिनांसाठी या तत्त्वाचे तीन मुख्य प्रकार विकसित झाले. आयन-विनिमय पद्धतीत विद्युतभारानुसार, जेल-गाळण पद्धतीत रेणूच्या आकारमानानुसार आणि अफिनिटी पद्धतीत विशिष्ट रेणूशी असलेल्या जैविक आकर्षणानुसार विलगीकरण होते. क्वात्रेकासास, विल्चेक व अॅन्फिन्सेन यांनी 1968 साली अफिनिटी पद्धत प्रस्थापित केली.

निदानातील उपयोग

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आल्यास सिकल हिमोग्लोबिन तयार होते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो. त्यामुळे ऋणभारित पदार्थाने भरलेल्या स्तंभास सिकल हिमोग्लोबिन सामान्य हिमोग्लोबिनपेक्षा अधिक काळ चिकटून राहते. उच्च दाबावर चालणाऱ्या या पद्धतीस एचपीएलसी म्हणतात. रक्ताच्या अल्प नमुन्यातून काही मिनिटांत आलेख मिळतो आणि प्रत्येक प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण कळते.

वाहकाच्या रक्तात सामान्य हिमोग्लोबिन सिकल हिमोग्लोबिनपेक्षा अधिक असते. रुग्णात मात्र सिकल प्रकार प्रधान असतो. प्राथमिक तपासणीत वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी स्वस्त व सोपी असली, तरी ती हा भेद दाखवू शकत नाही. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणूनच विवाहपूर्व समुपदेशनासाठी हा भेद निर्णायक ठरतो. याच यंत्रावर हिमोग्लोबिन ए-2 चे वाढलेले प्रमाण पाहून बीटा थॅलेसेमियाचे वाहकही ओळखले जातात.

मधुमेहींसाठी परिचित असलेली एचबीए-1-सी चाचणीही याच परंपरेतील आहे. साखर जोडलेले हिमोग्लोबिन आयन-विनिमय स्तंभावर वेगळे होते, किंवा साखरेस धरून ठेवणाऱ्या बोरोनेटयुक्त अफिनिटी स्तंभावर पकडले जाते. तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवस असल्याने मागील दोन ते तीन महिन्यांची सरासरी साखर त्यातून कळते. सिकलसेल रुग्णात पेशी लवकर नष्ट होत असल्याने हे अनुमान फसवे ठरू शकते.

स्तंभाऐवजी कागदी पट्टी वापरली की यंत्राचीही गरज उरत नाही. पट्टीवर बसवलेली प्रतिपिंडे विशिष्ट प्रथिन पकडतात व रंगीत रेघ उमटते. गर्भधारणा, हिवताप व कोविड-19 यांच्या जलद चाचण्या अशाच आहेत. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती कोविड चाचणी संचास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे 2021 मध्ये मान्यता दिली. सिकलसेलसाठीही अशा पट्ट्या उपलब्ध असून दुर्गम उपकेंद्रांत त्या उपयुक्त ठरतात.

उपचारातील उपयोग

उपचारात वर्णलेखन दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग औषधनिर्मितीचा : हिमोफिलियासाठीचा रक्तगोठण घटक आठ, इम्युनोग्लोब्युलिन व एकल-कृंतक प्रतिपिंडे यांच्या शुद्धीकरणात स्तंभांचा वापर होतो. दुसऱ्या मार्गात स्तंभ थेट रुग्णाशी जोडला जातो. यास प्रतिरक्षा-अधिशोषण म्हणतात. रुग्णाच्या रक्तातून रक्तद्रव वेगळा करून तो प्रथिन-ए सारखा पदार्थ बसवलेल्या स्तंभातून नेतात; हानिकारक प्रतिपिंडे अडकतात आणि उरलेला रक्तद्रव शरीरात परत जातो. रक्तगट न जुळणाऱ्या दात्याच्या मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणापूर्वी हा उपाय केला जातो.

मात्र प्रयोगशाळेतील स्तंभ जसाच्या तसा रुग्णासाठी चालत नाही. तो निर्जंतुक हवा, त्याच्या संपर्काने रक्त गोठता कामा नये आणि त्यावर बसवलेला पदार्थ सुटून रक्तात मिसळता कामा नये. या अटींमुळे खर्च वाढतो.

राष्ट्रीय प्रयत्न

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. महाराष्ट्र व कर्नाटकासह 17 राज्यांतील 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन ही तिची उद्दिष्टे आहेत. प्राथमिक चाचणीत आढळलेल्या व्यक्तींचे निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने निश्चित केले जाते. या क्षेत्रात मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था कार्यरत असून चंद्रपूर येथे तिचे केंद्र आहे.

यंत्र, रसायने, अखंड वीज व प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्हा पातळीवर उपलब्ध करणे हे यापुढील आव्हान आहे. तपासणीचा अहवाल दुर्गम पाड्यावरील कुटुंबाच्या हाती वेळेवर पडला आणि त्याचा अर्थ त्यांच्या बोलीत समजावून सांगितला गेला, तरच या तंत्राचा लाभ समाजास खऱ्या अर्थाने मिळेल.