आशीर्वाद मिळतो कसा?



भूगावातील आमच्या प्रार्थनासभेत एक प्रश्न वारंवार येतो : "आम्ही विश्वास ठेवला, उपास केला, दशमांश दिला, तरी आशीर्वाद का दिसत नाही?" मुळशीतील कातकरी वाड्यांवर जातो तेव्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत कानी पडतो : "तुमच्या देवाला मानलं तर आमची उचल फिटेल का?" दोघांनाही द्यायचे उत्तर एकच आहे, म्हणून या अंकात त्याविषयी लिहितो.

'आशीर्वाद' या शब्दातच 'वाद' म्हणजे बोलणे आहे, आणि पवित्र शास्त्रात पहिले बोलणे देवाचे असते. उत्पत्तीच्या 12व्या अध्यायात अब्राहामाने घर सोडण्यापूर्वीच देव त्याला आशीर्वादाचे वचन देतो, आणि त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांनाही. पौल गलतीकरांस लिहितो (3:14) की तोच आशीर्वाद ख्रिस्त येशूमध्ये परराष्ट्रीयांपर्यंत आला व तो विश्वासाने मिळतो. म्हणजे विश्वास ही आशीर्वादाची किंमत नव्हे. देणाऱ्यावर भरवसा ठेवून पुढे केलेला तो रिकामा हात आहे.

आपल्याच जिल्ह्यातील पंडिता रमाबाईंचे जीवन पाहा. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमजले. तारण कमवायचे नसून घ्यायचे आहे, हे कळल्यावर त्यांना शांती लाभली.

त्यानंतर त्यांचे दुःख संपले का? नाही. आईवडील त्यांनी तरुणपणी दुष्काळात गमावले होते, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेले होते. पुढे 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्याआधी गेली. तरीही 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छापखाना चालला. अंध मुली ब्रेल लिपीत वाचू लागल्या. रमाबाईंना मिळालेला आशीर्वाद असा इतरांच्या ताटात पोहोचला.

आता आमच्या वाड्यांकडे या. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. पूर्वी खैराचा कात काढणारे हे लोक आज पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जातात. मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची. पोरंही बरोबर जातात, शाळा सुटते. अशा बापाला मी "विश्वास ठेव, कर्ज फिटेल" असे सांगत नाही; तसे वचन प्रभूने मला दिलेले नाही. देव तुला नावाने ओळखतो, ख्रिस्त तुझ्यासाठीही मेला व उठला, आणि भट्टीवरही तो तुला सोडणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. मग आम्ही त्याच्याजवळ बसून उचलीचा हिशेब वहीत मांडतो आणि मुलांच्या दाखल्याचे कागद पाहतो.

ही मदत प्रार्थनेला येणाऱ्यालाही मिळते, न येणाऱ्यालाही. प्रभूने शिकविले आहे की पिता नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो (मत्तय 5:45). मुळशीचा पाऊसही वाडीची घरे निवडून पडत नाही. मदतीला अट घातली की ती सौदा होते, आणि सौद्यातून आलेला विश्वास भट्टीच्या पहिल्या हंगामातच विझतो.

म्हणून, प्रिय देणगीदारांनो, दुप्पट परत मिळेल म्हणून देऊ नका. तुम्हाला ख्रिस्तामध्ये आधीच मिळाले आहे म्हणून द्या. "आशीर्वाद का दिसत नाही" असे वाटेल तेव्हा, माझ्याद्वारे तो कोणापर्यंत जायचा आहे, हेही प्रभूला विचारा.

दिवाळीनंतर कुटुंबे भट्टीवर निघतील. मागे राहणाऱ्या मुलांसाठी व म्हाताऱ्यांसाठी तुमच्या प्रार्थनेत आठवण असू द्या.

ख्रिस्ताच्या सेवेत आपला,
भूगाव येथील एक सेवक