भरपाई मिळाली तरी तूरडाळ कमीच!

भाव वाढला की खरेदी घटते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा, असे कुणीही म्हणेल. पण खरेदी का घटते, याची एकात एक गुंतलेली दोन कारणे आहेत.

समजा, एका घरात महिन्याला चार किलो तूरडाळ आणि चार किलो मसूरडाळ येते. तूर १०० रुपये किलो, मसूर ८०. एकूण खर्च ७२० रुपये. आता तूर १५० वर गेली. घरची बाई तूरडाळ कमी आणते. एक तर मसुरीच्या मानाने तूर महाग झाली. याला म्हणतात पर्यायता परिणाम. दुसरे म्हणजे पगार तोच राहिल्याने ते घर थोडे गरीब झाले. हा उत्पन्न परिणाम. व्यवहारात दोन्ही एकदमच घडतात. मग ते वेगळे कसे करायचे?

त्याची युक्ती कीव्हमध्ये शिकवणारे युजीन स्लुट्स्की यांनी १९१५ साली एका इटालियन नियतकालिकात मांडली. युद्धाचा काळ, फारसे कुणी लक्ष दिले नाही. युक्ती साधी आहे. जुनीच खरेदी नव्या भावाने करायला ९२० रुपये लागतात, तर त्या घराला वरचे २०० रुपये देऊन टाका. आता गरिबी आली असे म्हणता येणार नाही. तरीही ती बाई पूर्वीइतकीच तूर आणील का? बहुधा नाही. एक किलो तूर सोडली की पूर्वी सव्वा किलो मसूर येई, आता पावणेदोन किलोहून अधिक येते. हा हिशेब तिला कुणी शिकवावा लागत नाही!

पुढे जॉन हिक्स यांनी १९३९च्या आपल्या ग्रंथात ‘भरपाई’ थोडी वेगळी धरली: जुनी खरेदी नव्हे, जुने समाधान परत मिळावे एवढीच. बदल करायची मोकळीक असल्याने त्याला २०० पेक्षा थोडे कमी पैसे पुरतात. अशी भरपाई देत देत प्रत्येक भावाला किती खरेदी होईल हे दाखवणारी रेषा म्हणजे भरपाईचा मागणी वक्र. तो कधीही वर चढत नाही.

आपला महागाई भत्ता स्लुट्स्कींच्या जातीचा. ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर तो ठरतो, त्यात ठरावीक वस्तूंच्या टोपलीची किंमत मोजतात. माणसे तूर सोडून मसुरीकडे वळली, हे त्या टोपलीला लगेच कळत नाही. म्हणून ‘एका हाताने भाव वाढवला, दुसऱ्या हाताने पैसे दिले, मग वापर कमी कसा होणार?’ हा नेहमीचा आक्षेप टिकत नाही. पैसे मिळाले तरी भावाची टोचणी राहतेच.

पण शेतमजुराला, हातगाडीवाल्याला भत्ता कुठला? तिथे उत्पन्न परिणाम पुरता अंगावर येतो, आणि कधी उलटेच घडते. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातील गरीब कुटुंबांना तांदूळ स्वस्त मिळण्याची सोय करून पाहिले. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तांदूळ स्वस्त होताच त्यांचा भात कमी झाला, कारण वाचलेल्या पैशांत ताटात दुसरे काही आले. सवलत संपून भाव पुन्हा चढला, तसा भात वाढला. इतर जिन्नस परवडेनात, आणि पोट तर भरायला हवे. त्या घरांना भाववाढीची पुरती भरपाई मिळाली असती, तर महाग तांदूळ अधिक खाण्याचे कारणच उरले नसते.