घारापुरी : हरवलेला शिलालेख आणि दंतकथा

न्हावा-शेवाच्या किनाऱ्यासमोरील घारापुरी बेटावरचे शैव लेणे कोणी कोरविले, या प्रश्नास दंतकथेपाशी तयार उत्तरे आहेत. ते पांडवांनी कोरले, असे एक कथा सांगते. दुसरी त्याचे कर्तृत्व उषेचा पिता बाणासुर यास देते. इतिहासास मात्र येथे थबकावे लागते. लेण्याच्या प्रवेशद्वाराजवळचा शिलालेख पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात काढून पोर्तुगालला नेला. तेथे तो कोणासही वाचता आला नाही, असे बखरकार दियोगु द कोउतू याने नमूद केले आहे. पुढे तो नाहीसाच झाला.

लेखाच्या अभावी शिल्पशैली आणि बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी यांवरून लेण्याचा काळ सामान्यतः सहाव्या शतकाचा मध्य मानला जातो. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात द्वितीय पुलकेशीने जिंकलेल्या ‘पुरी’चा उल्लेख आहे. ती घारापुरीच होय, असे काही विद्वान मानतात. परंतु ‘पुरी’ हे सामान्यनाम असल्याने केवळ नामसाम्य निर्णायक ठरत नाही.

तथापि नामे सर्वस्वी मुकी नसतात. बंदराजवळच्या पाषाणाच्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती १८१४ मध्ये ढासळला आणि आता भायखळ्यास आहे. त्याचे मूळ स्थान मात्र नावाने जपले. बेटावर काय होते, याची साक्ष नाव देऊ शकते. ते कोणी घडविले, हे सांगणारा शिलालेखच हरवला आहे. त्या रिकाम्या जागी दंतकथा उभी आहे, हे विसरता कामा नये.