इतवारीच्या गच्चीवरून पृथ्वीचं माप

नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या गच्चीवरून सीताबर्डीचा किल्ला किती लांब आहे, हे बोळांत न उतरता काढायचंय. समजा, शंभर मीटरवर ओळखीच्याची दुसरी गच्ची आहे. दोन्हीकडून एकदा समोरच्या गच्चीकडे, एकदा किल्ल्याकडे बघून मधला कोन मोजायचा. पहिलीवर ९० अंश आले, दुसरीवर ८८. म्हणजे किल्ला २,८६४ मीटरवर. आता ८८ च्या जागी ८९ वाचलेत, तर उत्तर ५,७२९! एका अंशापायी किल्ला दुप्पट लांब.

विल्यम लॅम्बटनचा सगळा झगडा याच चुकीशी होता. यॉर्कशायरमधल्या गरीब घरातला हा माणूस पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला आणि इथलाच झाला. ईस्ट इंडिया कंपनीला नकाशे हवे होते, याला पृथ्वीचा आकार.

पहिला उपाय, पाया, म्हणजे त्या दोन गच्च्यांमधल्यासारखी मोजलेली रेषा, लांब घ्यायचा. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने साडेसात मैलांची रेषा मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी, सुमारे चारशे वेळा. ती लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, शेजारी थर्मामीटर. उन्हाने पोलाद वाढतं, ती वाढ हिशेबात धरायची.

दुसरा उपाय, कोन बारीक वाचायचा. त्यासाठीचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना तो आदळला, अंशांचं वर्तुळच वाकलं. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून वाट बघत बसला असता. लॅम्बटनने तंबूत बसून ते हाताने सरळ केलं.

दर त्रिकोणाला पाया नव्याने मोजावा लागत नाही. पुढे त्रिकोणाची बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया. मग ताऱ्यांवरून त्रिकोणांच्या या साखळीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश काढले, की एका अंशाला किती मैल ते कळतं. उत्तरेकडे हा अंश लांबत गेला, तर पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी.

हैदराबादेहून नागपूरला मुक्काम हलवताना, २० जानेवारी १८२३ रोजी, तो हिंगणघाटला वारला. पाहुण्यांना आपण नागपूरकर हौसेने सर्वेक्षणाचा झिरो माइलचा खांब दाखवतो. हिंगणघाटची त्याची कबर कोण दाखवतो?

लॅम्बटनच्या जागी आलेल्या एव्हरेस्टने त्रिकोणांची ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तिथे त्रिकोणांचा हिशेब आणि ताऱ्यांचा हिशेब सुमारे पाच विकलांनी, म्हणजे अंशाच्या अगदी बारीक भागाने, जुळेना. ताऱ्यांचे कोन ओळंब्याच्या आधाराने मोजतात, आणि ओळंबा हिमालयाकडे ओढला जातो, हे उघड होतं. पण कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्र्याने १८५५ मध्ये गणित केलं, तेव्हा एवढ्या पर्वताची ओढ पंधरा विकलांहून जास्त भरायला हवी होती. म्हणजे हिमालयाखालचा खडक आजूबाजूपेक्षा हलका असणार.