चिऱ्यांची राजधानी

वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळचं तळं, माडा-पोफळींची सावली आणि जांभ्याचे गडगे रोज पाहणाऱ्या माणसाला जुने गोवे परकं वाटत नाही. कुडाळला कोकण रेल्वेत बसायचं आणि करमळीला उतरायचं. तिथून जवळच एक युरोपी राजधानी उभी आहे. मोझांबिकपासून मकावपर्यंतचा पोर्तुगीज कारभार एके काळी इथून चाले. गोवा पाहिलेल्याला लिस्बन पाहायची गरज नाही, असं पोर्तुगीज म्हणत.

बहुतेक बसगाड्या दोन चर्चांच्या मधे थांबतात आणि तासाभरात परततात. जाणता वाटाड्या मात्र आधी मांडवीच्या काठावर नेतो. कारण या शहरात पाण्याकडूनच शिरायचं असे. धक्क्यावरून आत येताच व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला. त्याने ती बांधवली आणि नदीच्या बाजूला पणजोबाचा पुतळा बसवला. आजची कमान मात्र १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली आहे.

इथे पाठ फिरवून नदीपलीकडे पाहायला हवं. समोर दिवाडी बेट आहे, सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान. पोर्तुगीज अमलात ते देऊळ पडलं, लिंग पलीकडे नार्व्याला गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. चर्चांचं सौंदर्य पाहताना हा काठही नजरेत ठेवावा.

कमानीच्या आत सेंट कॅजेटन चर्च आहे. रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून सतराव्या शतकात ते बांधलं गेलं. त्याच्याजवळ आदिलशाही वाड्याची फक्त एक दगडी चौकट उरली आहे. तिच्यावरचं कोरीवकाम देवळांतल्या कामाच्या वळणाचं आहे. रोम, विजापूर आणि इथला पाथरवट काही पावलांच्या अंतरावर भेटतात.

से कॅथेड्रल सेंट कॅथरिनला वाहिलेलं आहे, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला तो तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि मुख्य इमारतीचं काम १६१९ पर्यंत चाललं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. उरलेल्यात ‘सोन्याची घंटा’ आहे.

रस्त्यापलीकडचं बॉम जेझूस चर्च तांबूस दिसतं, कारण विसाव्या शतकात त्याचा गिलावा काढून टाकला. मुळात ते पांढरं होतं. कोकणातल्या माणसाला यातला धोका सांगावा लागत नाही: जांभा सच्छिद्र असतो, गिलावा गेला की चार महिन्यांचा पाऊस त्यात मुरतो. दर्शनी भिंतीवरच्या नक्षीसाठी मात्र वसईहून काळा दगड आणला, कारण जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत. त्यांची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवली, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने ती भेट दिली.

खरी दाद द्यावी ती टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या भग्नावशेषांना. इथला मनोरा ४६ मीटर उंच होता. साथींनी शहर ओस पडत गेलं. राजधानी पणजीकडे सरकली, १८४३ मध्ये त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं. धार्मिक संघ १८३५ च्या सुमारास हद्दपार झाल्यावर इथला मठ रिकामा पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत. आज मोकळ्या आभाळाखाली अर्धा मनोरा उभा आहे. त्याचे थर जवळून पाहिले की कळतं: घाट युरोपचा, चिरा मात्र इथलाच.

याच आवारात पुरातत्त्व खात्याला जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. १६२४ मध्ये शिराझला तिला ठार मारण्यात आलं होतं आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्यात आणले होते. डीएनए तपासणीने ओळख पटली आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला अंश जॉर्जियाला दिला.

सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली घंटा हरवलेली नाही. ती आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. परतीच्या गाडीला वेळ असेल तर पणजीच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांपाशी थांबून तिच्याकडे मान वर करून पाहता येतं.