रिकाम्या सभागृहाची सवय

संस्थांवरील जनतेचा विश्वास केवळ लाचलुचपतीने ढासळतो, हा समज अपुरा आहे. एखादी संस्था वर्षानुवर्षे बंद राहावी आणि तिच्यावाचून आपले काही अडत नाही असे लोकांनाच वाटू लागावे, ही अवनती त्याहून भयंकर होय. मुंबईने ती अनुभवली आहे. महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली; नव्यांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी!

मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पुरी व्हावी, ही १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीची आज्ञा आहे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच खरा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रभाग २२७ चे २३६ करावयाचे आणि सरकार बदलताच पुन्हा २२७ वर आणावयाचे, या खेळात कोणता सामाजिक न्याय होता? अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका उरका, असे बजावावे लागले. तीही मुदत टळलीच.

दरम्यान २०२५-२६ चे ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक आयुक्तांनी सादर केले आणि प्रशासकांनी मंजूर केले. हे दोघे गृहस्थ एकच! फिरोजशहा मेहतांचा ज्याच्या घडणीत मोठा वाटा होता, त्या १८८८ च्या कायद्यान्वये इंग्रजी अमलातही आयुक्ताला खर्चासाठी सभागृहाची संमती घ्यावी लागे.

तथापि आमचे खरे दुःख निराळेच आहे. "नगरसेवक नाहीत तेच बरे, टक्केवारी तरी थांबली," असे उद्गार या काळात आपल्या सुशिक्षित वर्गात सर्रास ऐकू येत. हा उद्वेग अकारण नव्हे. नगरसेवकांनीच तो आपल्या करणीने ओढवून घेतला आहे. पण टक्केवारी थांबली की नाही, हे कोणी आणि कोठे विचारावयाचे? स्थायी समिती नव्हती, सभागृहात प्रश्न विचारणारा सदस्य नव्हता. सोसायटीतल्या गृहस्थाला वॉर्ड ऑफिसात कोणीतरी ओळखीचे निघते. वस्तीच्या सार्वजनिक नळाला पाणी आले नाही, तर तिथल्या बाईने कोणाच्या दाराशी जावे? नगरसेवक कितीही नालायक असला, तरी पाच वर्षांनी त्याला तिच्या दाराशी यावेच लागते. प्रशासकाला ती पायरी चढावी लागत नाही.

आता नवे सभागृह निवडून आले आहे. २०२३-२४ पासूनच्या तीन वर्षांचा बाबवार हिशेब सदस्यांनी आयुक्तांकडे मागावा, आणि आरंभ रस्त्यांच्या काँक्रिटीकरणापासून करावा. हजारो कोटींची ती कामे चालू असताना त्यांवर सभागृहात एकही प्रश्न विचारला गेलेला नाही.